अळिवाच्या दाण्यापासून डोळ्याच्या भिंगापर्यंत

बाळंतिणीसाठी अळिवाची खीर किंवा लाडू करण्याची आपल्याकडे पूर्वापार चाल आहे. चमचाभर अळीव पाण्यात किंवा नारळाच्या पाण्यात भिजत घातले की थोड्या वेळाने प्रत्येक तांबूस दाण्याभोवती एक पारदर्शक, बुळबुळीत कवच तयार होते. फालुद्यातील सब्जाचेही तसेच. दाणा चिमटीत धरून पाहिला तर ते कवच जवळजवळ पाण्याचेच आहे हे कळते. पण ते पाणी बोटांवरून ओघळून जात नाही. पाणी आहे, परंतु वाहत नाही. आकार आहे, परंतु कठीणपणा नाही. द्रव म्हणावे तर द्रव नाही, घन म्हणावे तर घन नाही, असा हा पदार्थ आपण लहानपणापासून खात आलो आणि त्याबद्दल कधी विचारही केला नाही. याच जातीच्या पदार्थांना शास्त्रज्ञ 'हायड्रोजेल' म्हणतात, आणि आज वैद्यकशास्त्रात त्यांना फार मोठे स्थान मिळाले आहे.

कला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात रसायनशास्त्राचा लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याला माझे उत्तर असे की, या विषयाकडे मी प्रयोगशाळेतून आलो नाही, रुग्णालयातून आलो. काही वर्षांपूर्वी माझ्या मावशीचा हात स्टोव्हच्या भडक्याने भाजला. जखम फार मोठी नव्हती, पण दर दिवसाआड पट्टी बदलताना जखमेला घट्ट चिकटलेले कोरडे जाळीचे कापड ओढून काढावे लागे, आणि त्याबरोबर नव्याने धरलेली नाजूक त्वचाही निघून येई. भाजण्याच्या वेदनेपेक्षा पट्टी सोडण्याच्या वेदनेचीच तिला अधिक धास्ती बसली होती. पुढे एका डॉक्टरांनी पारदर्शक, थंडगार, जेलीसारखा एक चौकोनी तुकडा त्या जखमेवर ठेवला. दुसऱ्या खेपेला तो उचलला तेव्हा मावशीने डोळे गच्च मिटून घेतले होते. तुकडा निघाला तरी तिला कळले नाही. "काढलंत का?" असे तिने विचारले तेव्हा नवी पट्टी बांधूनही झाली होती. तो तुकडा कशाचा होता, एवढे जाणून घेण्याच्या इच्छेतून प्रस्तुत लेख तयार झाला आहे.

पाणी धरणारे जाळे

हायड्रोजेल म्हणजे काय, हे समजण्यासाठी प्रथम बहुवारिक म्हणजे काय ते पाहू. एकाच प्रकारचे छोटे छोटे रेणू फुलांच्या माळेसारखे एकापुढे एक जोडले जाऊन जो लांबलचक रेणू तयार होतो त्याला बहुवारिक म्हणतात. कापूस, रबर, डिंक, नायलॉन, प्लॅस्टिक ही सारी बहुवारिकांचीच कुळे. यांपैकी काहींना पाण्याचे वावडे असते, तर काहींना पाण्याची ओढ असते. ज्यांना ओढ असते ती जलस्नेही बहुवारिके. डिंकाचा खडा पाण्यात टाकला तर त्यातील रेणूंचे धागे पाण्याच्या ओढीने सुटे होतात आणि अखेर सगळा खडा विरघळून त्याची चिकट खळ होते.

आता अशी कल्पना करा की हे धागे सुटे नाहीत; ठिकठिकाणी त्यांना एकमेकांशी गाठी मारलेल्या आहेत. म्हणजे धाग्यांचा जुडगा राहिला नाही, कोळ्याचे जाळे झाले. असे जाळे पाण्यात टाकले तर काय होईल? पाणी पूर्वीप्रमाणेच आत शिरेल, धागे एकमेकांपासून दूर सरू लागतील. परंतु गाठी त्यांना विखरू देणार नाहीत. जाळे फुगत जाईल, त्याचे धागे ताणले जातील, आणि एक क्षण असा येईल की पाण्याची आत शिरण्याची ओढ आणि ताणलेल्या धाग्यांची मागे खेचण्याची ओढ समसमान होतील. तेथे फुगणे थांबते. गाठी थोड्या असतील तर जाळे खूप फुगते व लिबलिबीत होते. गाठी पुष्कळ असतील तर कमी फुगते आणि घट्ट राहते. हायड्रोजेलचे सारे शास्त्र या एका तोलात सामावलेले आहे असे म्हटले तरी चालेल.

गाठीही दोन प्रकारच्या असतात. चिनी गवताची किंवा जिलेटिनची जेली गरम केली की वितळते, कारण तिच्या गाठी कच्च्या असतात. उष्णतेने त्या सुटतात आणि थंडाव्याने पुन्हा बसतात. उलट रासायनिक बंधाने मारलेल्या गाठी पक्क्या असतात. असे जेल उकळले तरी वितळत नाही. वैद्यकाला हे फार सोयीचे आहे, कारण उकळून निर्जंतुक करता येईल असा मऊ पदार्थ सहजासहजी मिळत नाही.

आणि मऊपणाच का हवा? कारण आपले शरीर मऊ आहे. हाडे आणि दात सोडले तर आपण बहुतांशी पाण्याने फुगलेली जाळीच आहोत. डोळ्याच्या पुढच्या बाजूचा पारदर्शक पडदा, ज्याला स्वच्छमंडल म्हणतात, त्यात तीन चतुर्थांशांहून अधिक पाणी असते. डोळ्याच्या आतील काचेसारखा दिसणारा गोळा तर सुमारे ९८ टक्के पाणी आहे, आणि तरीही तो आपला आकार धरून राहतो. गुडघ्यातील कूर्चा म्हणजेही एक पाणीदार जेलच. ज्या पदार्थाला अशा शरीरात वस्ती करायची त्याने शरीराचा स्वभाव उचलला पाहिजे, हा विचार आज सोपा वाटतो. पण तो सुचायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

परका पाहुणा

त्यापूर्वी शरीरात किंवा शरीरावर बसवायच्या वस्तू धातूच्या, काचेच्या किंवा कठीण प्लॅस्टिकच्या असत. डोळ्यावर बसवायच्या भिंगाचेच पाहा. १८८८ च्या सुमारास आडोल्फ फिक या जर्मन वैद्याने काचेची स्पर्शभिंगे तयार केली. ती डोळ्याचा पांढरा भागही झाकीत आणि थोड्याच वेळात असह्य होत. पुढे विमानांच्या खिडक्यांसाठी वापरले जाणारे पर्स्पेक्स हे पारदर्शक प्लॅस्टिक आले. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले त्याचे तुकडे फारसा दाह करीत नाहीत, असे हॅरल्ड रिडली या इंग्रज नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आले आणि १९४९ मध्ये त्याने मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पर्स्पेक्सचे भिंग बसविले. स्पर्शभिंगेही त्याच द्रव्याची होऊ लागली. परंतु डोळ्याच्या आत निमूटपणे राहणारा हा पाहुणा पापणीखाली मात्र खुपत राहिला. शिवाय दुसरी एक अडचण होती. स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आपल्याला त्यातून दिसलेच नसते. त्याला लागणारा प्राणवायू बव्हंशी बाहेरच्या हवेतून, अश्रूंत विरघळून मिळतो. पर्स्पेक्समधून प्राणवायू जवळजवळ जातच नाही. म्हणजे हे भिंग डोळ्यावर चढविणे म्हणजे नाकातोंडावर हात ठेवण्यासारखेच होते. कडेने झिरपणाऱ्या अश्रूंवर बिचाऱ्या डोळ्याने कसेबसे भागवायचे.

हा प्रश्न सोडविणारा माणूस नेत्रतज्ज्ञ नव्हता. तो होता चेकोस्लोव्हाकियातील एक रसायनशास्त्रज्ञ, ओट्टो विख्टरले.

प्रागचा रसायनशास्त्रज्ञ

विख्टरलेचा जन्म १९१३ मध्ये मोराव्हिया प्रांतातील प्रोस्तेयोव्ह या गावी झाला. वडिलांचा शेतीची यंत्रे बनविण्याच्या कारखान्यात भाग होता. मुलगा प्रागच्या तंत्रविद्यापीठात रसायनशास्त्र शिकला आणि तेथेच संशोधन करू लागला. १९३९ च्या नोव्हेंबरात नाझींनी चेक विद्यापीठांना टाळे ठोकले. तेव्हा ज्या कारखान्याने त्याला आसरा दिला त्याचे नाव आपल्या खेडोपाडी माहीत आहे: झ्लिन गावचा बाटा. जोड्यांच्या या कारखान्याच्या प्रयोगशाळेत विख्टरले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये नायलॉनच्या जातीचा एक धागा तयार केला. तो पुढे 'सिलॉन' या नावाने प्रसिद्ध झाला. १९४२ मध्ये गेस्टापोने त्याला पकडले आणि काही महिने तुरुंगात ठेवले. युद्ध संपल्यावर तो पुन्हा प्रागला अध्यापनाकडे वळला.

१९५२ मध्ये ओलोमोउत्सहून प्रागला जाणाऱ्या आगगाडीत शेजारच्या प्रवाशाच्या हातात त्याला एक वैद्यकीय नियतकालिक दिसले. त्यात काढून टाकलेल्या डोळ्याच्या जागी टँटलम धातूचा भाग बसविण्याची माहिती होती. प्रवासी आरोग्य खात्यातील होता. दोघांचे बोलणे सुरू झाले. विख्टरलेचे म्हणणे असे पडले की, जिवंत मांसात धातू बसविण्यापेक्षा पाणी शोषून मांसासारखे मऊ होणारे बहुवारिक तयार करणे अधिक शहाणपणाचे. आगगाडीतील गप्पा स्टेशन आले की बहुधा विसरल्या जातात. विख्टरले मात्र प्रयोगशाळेत परतल्यावर कामाला लागला.

त्याचा तरुण सहकारी द्राहोस्लाव लीम याने थोड्याच काळात हवे तसे द्रव्य तयार केले. त्याचे रासायनिक नाव लांबलचक आहे. शास्त्रज्ञ त्याला थोडक्यात 'हेमा' म्हणतात. आपल्या कानांना ते एखाद्या मराठी मुलीचे नाव वाटावे! हेमाचे रेणू जोडून, त्यांना मोजक्याच गाठी मारून केलेले जेल कोरडे असताना काचेसारखे कडक असते. पाण्यात टाकले की आपल्या वजनाच्या सुमारे ३८ टक्के पाणी धरून मऊ, लवचीक होते आणि तरीही स्वच्छ पारदर्शक राहते. त्या पाण्यातूनच प्राणवायू थोडाफार पलीकडे झिरपतो. १९६० मध्ये 'नेचर' या ब्रिटिश नियतकालिकात विख्टरले आणि लीम या दोघांच्या नावे जैविक उपयोगाच्या जलस्नेही जेलांवर एक छोटासा लेख आला. दोन पानांचा तो लेख या साऱ्या शास्त्राचा पाया मानला जातो.

नाताळची संध्याकाळ

द्रव्य मिळाले, पण त्याचे भिंग घडविणे सोपे नव्हते. बंद साच्यात ओतून केलेली भिंगे साच्यातून काढताना कडेला फाटत. फाटकी कड पापणीला खुपे, म्हणजे सारा खटाटोप व्यर्थ. मध्यंतरी १९५८ मध्ये राजकीय 'शुद्धीकरणा'च्या लाटेत विख्टरलेला तंत्रविद्यापीठातून काढून टाकण्यात आले. पुढे विज्ञान अकादमीच्या नव्या बहुवारिक संस्थेत त्याला जागा मिळाली खरी. पण स्पर्शभिंगांत वरिष्ठांना काही तथ्य दिसेना आणि ते काम थांबविण्यात आले. विख्टरलेने ते घरी नेले.

१९६१ चा नाताळ. घरच्या टेबलावर त्याने मुलांच्या 'मर्कूर' नावाच्या खेळातील पत्र्याच्या पट्ट्या आणि चाके जोडून एक यंत्र उभे केले. (आपल्याकडे मेकॅनो मिळत असे, तसाच हा खेळ.) फिरविण्यासाठी सायकलचा डायनामो, आणि त्याला वीज देण्यासाठी घंटेचा ट्रान्सफॉर्मर. या यंत्रात काचेचे छोटे उघडे साचे गरगर फिरत असत आणि फिरता फिरता त्यांतील द्रव घट्ट होत असे.

यामागची युक्ती आपल्या स्वयंपाकघरातीलच आहे. ताक घुसळताना रवी जोरात फिरली की ताक मध्ये खोलगट होते आणि कडेने वर चढते. कपातील चहा चमच्याने ढवळला तरी हेच दिसते. फिरणाऱ्या द्रवाचा पृष्ठभाग आपोआप सुबक, गुळगुळीत खोलगट आकार घेतो. भिंगाची बाहेरची बाजू साच्याने ठरते, आतली बाजू फिरण्याच्या वेगाने. वेग बदलला की खोलगटपणा बदलतो, म्हणजेच चष्म्याचा नंबर बदलतो. शिवाय साचा वरून उघडा असल्यामुळे कड आपोआप पातळ होते. ती तासावी लागत नाही आणि फाटतही नाही. ज्या कामासाठी बारीक कोरीव यंत्रे लागली असती ते काम एका भौतिक नियमाने फुकटात करून दिले.

त्या संध्याकाळी चार भिंगे तयार झाली. विख्टरलेने ती स्वतःच्या डोळ्यांत घालून पाहिली. नंबर जुळत नव्हता, पण खुपत नव्हते. त्यानंतर पती-पत्नी दोघे कामाला लागली. डायनामोची शक्ती अपुरी पडू लागली तेव्हा ग्रामोफोनची मोटर आली. १९६२ च्या पहिल्या चार महिन्यांत विख्टरले आणि त्याची पत्नी लिंडा यांनी घरी सुमारे साडेपाच हजार भिंगे केली.

यापुढची कथा व्यापाराची आहे. पेटंटाचे हक्क १९६५ मध्ये एका अमेरिकन कंपनीकडे गेले. तिच्याकडून ते बॉश अँड लाँब या चष्म्याच्या मोठ्या कंपनीने घेतले, आणि १९७१ मध्ये अमेरिकन सरकारने या मऊ भिंगांना विक्रीची मान्यता दिली. आज जगभर कोट्यवधी लोक मऊ स्पर्शभिंगे वापरतात. या अफाट व्यापारातून मूळ शोधकाच्या पदरात फारच थोडे पडले.

त्याच्या पदरात जे पडले ते निराळेच. १९६८ मध्ये प्रागमध्ये मोकळे वारे वाहू लागले तेव्हा 'दोन हजार शब्द' या नावाने एक जाहीरनामा निघाला. त्यावर सही करणाऱ्यांत विख्टरले होता. ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे आले, मोकळे वारे थांबले, आणि त्या सहीची किंमत म्हणून पुढे त्याला संस्थेच्या संचालकपदावरून दूर करण्यात आले. जगात त्याची भिंगे खपत होती त्याच काळात तो स्वतःच्या देशात बाजूला टाकलेला माणूस होता. १९८९ मध्ये राजवट बदलली आणि १९९० मध्ये त्याला त्याच विज्ञान अकादमीचे अध्यक्ष करण्यात आले. १९९८ मध्ये तो वारला. नाझींनी तुरुंगात टाकलेला, नंतरच्या राजवटीने दोनदा पदावरून काढलेला हा माणूस प्रत्येक वेळी उरलेल्या साधनांनिशी कामाला बसला. मला त्याच्या भिंगांइतकेच याचेही नवल वाटते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी येथे एक छोटी गंमत सांगण्याजोगी आहे. 'रोबो' हा शब्द जगाला याच चेक भाषेने दिला. कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून तो आला. पण त्या नाटकातील रोबो आपण समजतो तसे लोखंडी नाहीत. ते रसायनांतून घडविलेल्या, सजीव मांसासारख्या द्रव्याचे आहेत. चापेकला त्या कल्पनेत माणसाचा विनाश दिसला. विख्टरलेने मांसाशी जुळणारे द्रव्य खरोखर केले, आणि त्याने माणसाची दृष्टी सुधारली.

ओली जखम

आता पुन्हा मावशीच्या हाताकडे वळू. जखम कोरडी ठेवावी, तिच्यावर खपली धरली म्हणजे ती बरी होते, ही समजूत फार जुनी. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमांचा अभ्यास करून दाखविले की, झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या, कोरड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने पसरते. याचे कारण असे: नव्या त्वचेच्या पेशी जखमेच्या कडेने आणि केसांच्या मुळांपासून सरपटत पुढे येतात. कोरड्या खपलीखाली त्यांना खोलवरून वाट काढावी लागते. ओल्या पृष्ठभागावर त्या सहज सरकतात.

ओलावा धरणारी, न चिकटणारी, खालची जखम दिसू देणारी आणि थंडावा देणारी पट्टी पाहिजे असेल तर हायड्रोजेलसारखे दुसरे काय सापडणार? अशा पट्टीचा बहुतेक भाग पाणीच असतो. ते हळूहळू उडून जाते तेव्हा भाजलेल्या जागेची उष्णता शोषून घेते; माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने. आणि जेल जखमेतील तंतूंत गुंतत नाही, म्हणून ते उचलताना नवी त्वचा ओढली जात नाही.

या पट्ट्या करण्याची एक सुंदर रीत पोलंडमधील ऊज शहरातील यानुश रोशाक यांनी १९८० च्या दशकात विकसित केली. जलस्नेही बहुवारिकाचे पाण्यातील द्रावण तबकात ओतायचे, वरून वेष्टन बंद करायचे आणि त्यावर किरणोत्सर्गी किरणांचा मारा करायचा. त्या किरणांनी धाग्यांना गाठी बसतात आणि त्याच वेळी आतील जंतूही मरतात. जेल करणे आणि निर्जंतुक करणे ही दोन कामे एका फटक्यात होतात, आणि गाठी मारण्यासाठी एखादे विषारी रसायन घालावे लागत नाही. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही गॅमा किरणांच्या साहाय्याने भाजलेल्या जखमांसाठी अशा पट्ट्या तयार करण्याचे तंत्र विकसित केले आणि ते उद्योगांना दिले. अणुशक्ती म्हटली की आपल्याला हिरोशिमा आठवते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच किरणांनी घडविलेला एक थंडगार तुकडा एखाद्या होरपळलेल्या हातावरही ठेवला जातो, हेही आठवावे.

औषधाचा कोठार आणि पेशींचे बिछाने

जाळ्याच्या छिद्रांत पाणी मावते तसे औषधही मावते. दिवसातून एकदाच घ्यायच्या अनेक गोळ्यांत आज जलस्नेही बहुवारिक घातलेले असते. गोळी पोटात गेली की तिच्याभोवती अळिवासारखेच बुळबुळीत कवच धरते आणि त्यातून औषध एकदम न सुटता तासन्‌तास झिरपत राहते. हेमाच्याच कुळातील जेलची एक बारीक नळी दंडाच्या त्वचेखाली बसवून वर्षभर संप्रेरक सोडत ठेवण्याच्या उपचाराला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. तो पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी होता.

काही बहुवारिके तर लहरी असतात. त्यांतील एक सुमारे ३२ अंशांखाली पाणी शोषून पसरते आणि त्याहून अधिक उष्णतेला पाणी टाकून आक्रसते. टोकियोतील तेरुओ ओकानो यांनी याचा नामी उपयोग केला. या बहुवारिकाचा अतिशय पातळ थर दिलेल्या ताटलीत शरीराच्या उष्णतेला पेशी वाढविल्या तर त्या ताटलीला धरून वाढतात. ताटली गार केली की थर पाणी पिऊन फुगतो आणि पेशींची सबंध चादर, न फाटता, अलगद सुटते. अशा चादरी वापरून जपानमध्ये डोळ्याच्या स्वच्छमंडलावर उपचार झाले आणि त्यांची हकीकत २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. केळीच्या पानावरची पानगी न मोडता सुटावी म्हणून आपली आजी जी काळजी घेते, तीच काळजी येथे एका रेणूने घेतली आहे.

दुसरी बाजू

येथवर वाचून हायड्रोजेल म्हणजे अमृतच, असा समज होऊ नये. जे द्रव्य पेशींना मानवते ते जंतूंनाही मानवते. मऊ भिंगे नळाच्या पाण्याने धुणे, ती घालून पोहणे, सांगितल्यापेक्षा अधिक दिवस वापरणे, घालून झोपणे या गोष्टी डोळ्याला महाग पडू शकतात. नळाच्या आणि तळ्याच्या पाण्यात आढळणारा अकॅन्थअमीबा नावाचा सूक्ष्मजीव भिंगाच्या आश्रयाने स्वच्छमंडलात शिरला तर दृष्टीवर घाला येतो. आपल्या महाविद्यालयातही स्पर्शभिंगे वापरणारे पुष्कळ आहेत. त्यांनी निदान एवढे ध्यानात ठेवावे. प्राणवायूची अडचणही हेमाने पूर्णपणे सुटली नव्हती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जेलमध्ये सिलिकोन मिसळलेली भिंगे बाजारात आली. त्यांत प्राणवायू पाण्यापेक्षा सिलिकोनमधून अधिक सहज जातो, म्हणून डोळ्याला पूर्वीपेक्षा मोकळा श्वास मिळाला. जंतूंचे भय मात्र त्यानेही टळले नाही.

दुसरी हकीकत अधिक विचार करायला लावणारी आहे. डोळ्यातील पडदा सुटला तर तो जागेवर बसावा म्हणून डोळ्याच्या बाहेरून एक पट्टा दाबून बसवितात. १९८० च्या दशकात त्यासाठी हायड्रोजेलचे पट्टे वापरले गेले. मऊ, गुण देणारे, प्रथमदर्शनी निर्दोष. परंतु अनेक वर्षांनंतर काही रुग्णांच्या डोळ्यांत ते पट्टे फुगू लागले. शरीरातील ओलाव्याने जाळ्याचे रसायन सावकाश बदलले होते आणि पाण्याची ओढ वाढली होती. फुगलेले पट्टे काढायला जावे तर ते चिमट्यात कुस्करून जात. म्हणजे फुगणे आणि आवरणे यांचा जो तोल आपण सुरुवातीला पाहिला तो एकदा साधला म्हणून कायमचा साधला असे नाही. परीक्षानळीत दोन वर्षे टिकलेल्या गोष्टीने माणसात वीस वर्षे तसेच राहावे, हा हट्ट शरीर मानीत नाही. अशा वेळी रुग्णाची नोंद वर्षानुवर्षे ठेवणारा दवाखाना हा नव्या द्रव्याच्या शोधाइतकाच मोलाचा ठरतो.

समारोप

शरीरात काही बसवायचे तर ते शरीरापेक्षा बळकट असावे, अशी माणसाची जुनी समजूत होती. हायड्रोजेलने ती बदलली. येथे टिकतो तो सामावून घेणारा. आपल्या आत दुसऱ्याला जागा देणारा, आणि तरीही स्वतःचा आकार न सोडणारा. गाठी नसतील तर विरघळून जातो, गाठी फार झाल्या तर काचेसारखा कडक होतो. हे वाक्य रसायनशास्त्राचे आहे. पण माणसामाणसांतील संबंधांचा अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्यांनाही ते परके वाटू नये.

मावशीच्या हातावर आज फक्त एक फिकट डाग उरला आहे. विख्टरले, विंटर, रोशाक ही नावे तिला माहीत नाहीत, आणि माहीत असण्याचे कारणही नाही. पुढच्या वेळी घरात अळीव भिजत घातले जातील तेव्हा तिला ही सारी हकीकत सांगायची असे मी ठरविले आहे. ती बहुधा म्हणेल, "एवढं शोधायला आगगाडीत बसावं लागलं होय! आमच्या वाटीत रोज होतं की." आणि तिचे म्हणणे खोटे नाही. वाटीतले ते सर्वांनीच पाहिले होते. त्याचे पुढे काय करता येईल हा प्रश्न तेवढा कोणीतरी विचारावा लागतो.